ट्रेसरची चूक

चूक शोधायची असेल तर नंदाकडे द्या, असं आमच्या ड्रॉइंग ऑफिसात म्हणायचे, आणि मला त्याचा भलताच तोरा होता. मी कारखान्यात ट्रेसर होते. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीनं काढलेली यंत्रांची ड्रॉइंगं काळ्या शाईनं ट्रेसिंग कागदावर स्वच्छ उतरवायची, हे माझं काम. केसाएवढी रेघ हलली तरी माझ्या डोळ्याला टोचायची. आणि अशी मी, अडीच वर्षं दर रविवारी एका माणसाच्या समोर, हातभर अंतरावर बसत होते, त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही! आता तीस वर्षं होत आली, तरी ते आठवतं. माझे डोळे फुटले होते का, असं स्वतःलाच विचारते.

तो माणूस म्हणजे बाजीराव साळवे. लासुर्ण्याचे. अख्खा कारखाना त्यांना तात्या म्हणायचा. साखर कारखान्यांना लागणारी अवजड यंत्रं आमच्याकडे बनत, आणि ती जोडणाऱ्या टोळीचे तात्या मुख्य फिटर. यंत्र पहिल्यांदा चालू करायची वेळ आली की मोठमोठे साहेबसुद्धा, "तात्यांना बोलवा," म्हणायचे. तात्या यायचे, खिशातून हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ लावायची ती थेट जबड्याला. डोळे मिटून उभे. मग म्हणायचे, "डाव्या अंगाला खरखरतंय. खोला." खोललं की आत छर्रा फुटलेला निघायचा. ते चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही.

"बाकीचे फिटर मूठ कानाला लावतात, तुम्ही जबड्याला का?" मी एकदा विचारलं.

"कान फसतो गं नंदे. हाड न्हाय फसत."

मी हसले. तात्यांची अशी वाक्यं आम्ही एकमेकांना सांगायचो, तसं हेही दोघांतिघांना सांगितलं.

आणि हा माणूस गिटार वाजवायचा. सिनेमातली गाणी झंकारायची ती नव्हे. नायलॉनच्या तारांची, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची. डाव्या पायाखाली लाकडी ठोकळा घेऊन, पाठ ताठ ठेवून. कारखान्यात मिनेझिस साहेब म्हणून गोव्याचे एक फोरमन होते, त्यांनी तात्यांना वीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त होऊन गावी जाताना स्वतःची गिटार त्यांच्या मांडीवर ठेवून गेले. त्या संगीताचं लिखाण वाचायला अवघड नाही का, असं कुणी विचारलं की तात्या उडवून लावायचे. "पाच रेघा अन् ठिपकं. ड्रॉइंगच हाय की ते. ज्याला ड्रॉइंग वाचता येतं त्याला ह्ये बी येतं." तार तुटली की पुण्याहून यायला महिना जायचा. मग तात्या भिगवणला जाऊन मासेमारांकडून तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, आणायचे, मायक्रोमीटरनं त्याची जाडी मोजून तीच तार म्हणून चढवायचे.

उजव्या हाताची नखं वाढवलेली. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की बारीक कानशीनं ती घासायची, वर पॉलिश पेपर मारायचा. कामावर त्या बोटांना रबरी टोप्या. शॉपमधली पोरं चिडवायची, "तात्या, मेंदी कवा?" तात्या मान वर करून म्हणायचे, "तुज्या लग्नात." घरचा बारा गुंठे ऊस होता, पण नख मोडेल म्हणून हा माणूस खुरप्याला हात लावत नसे. त्यांची बायको, आमच्या काकू, माझ्यासमोर कपाळावर हात मारून म्हणाल्या होत्या, "आमच्यात नवरी कोन अन् नवरा कोन, कळंना झालंय!"

वाजवताना एक सवय होती. गिटारीच्या वरच्या कडेवर हनुवटी टेकवायची, चांगली दाबून. ऐटच आहे ती त्यांची, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

कारखान्याच्या स्नेहसंमेलनाला बारामतीच्या मुलींच्या शाळेतल्या लिमये बाई परीक्षक म्हणून आल्या आणि त्यांनी तात्यांना ऐकलं. लिमये बाई शाळेत संगीत शिकवायच्या. प्रार्थना, समूहगीतं, पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम. पण लहानपणी पुण्याला कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकल्या होत्या, आणि पंचवीस वर्षं स्वतःच्या रचना लिहून पत्र्याच्या ट्रंकेत टाकत होत्या. त्यातला एक सूरही कुणी कधी वाजवलेला नव्हता. पुढच्याच आठवड्यात बाई एस.टी.नं कारखान्याच्या गेटवर हजर! हातात पाच कागद. तात्यांना बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "मी लिहिलेलं तुम्ही वाजवाल का?"

तात्या म्हणाले, "आधी ड्रॉइंग दावा."

बाईंचं अक्षर अगम्य होतं. तात्या ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. "नंदे, ह्ये स्वच्छ करून दे. कोंबडी चालून गेल्यावानी दिसतंय." अशी मी त्यात ओढली गेले. मी पस्तिशीची, दोन पोरांची आई, मला त्या संगीतातलं ओ का ठो कळत नव्हतं. पण रेघा आणि ठिपके नीट उतरवायचे, एवढं काम मला जमण्यासारखं होतं. रविवारी सकाळी बारामतीला बाईंच्या घरी बसायचं, ठरलेले बदल टिपून आणायचे, आणि आठवड्यात नवी प्रत काढायची.

पहिल्याच रविवारी भांडण. तात्यांनी पान बघितलं आणि खाली ठेवलं.

"बाई, सूर झकास हायती. पर ह्याला बोटं सहा लागत्यात. मला चारच."

"पियानोवर येतं हे," बाई म्हणाल्या.

"पियानोला दोन हात असत्यात. हितं एक हात नुस्ता धरायला, एक छेडायला. तुमी गिटार हातात घेतलीय का कवा?"

बाईंनी घेतलेली नव्हती. तोंड एवढंसं झालं त्यांचं. पुढच्या रविवारी तात्या गोणपाटात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. सागवानी पट्टी. गिटारीच्या मानेच्या अगदी मापाची, वर पितळी पट्ट्या बसवून घरं पाडलेली, तंगुसाच्या सहा तारा ताणलेल्या. मागं पेटी नाही, त्यामुळे आवाज नाही.

"ही मांडीवर घ्या अन् मग लिवा. बोट पोचलं तरच कागदावर."

"पण ही वाजत नाही," बाई म्हणाल्या.

"वाजायला कशाला पायजे? तुमच्या डोक्यात वाजतंयच की!"

तेव्हापासून बाई ती मुकी पट्टी घेऊन फिरायच्या. शिक्षकांच्या खोलीत, घरी भाजी निवडताना, बारामतीच्या स्टँडवर बाकड्यावर बसून. लोक बघायचे. बाईंना फिकीर नव्हती. कधी कधी कारखान्याच्या गेटवर फोन करून निरोप ठेवायच्या, "साळव्यांना सांगा, माझं बोट सातव्या घरात पोचलं." गेटवरचा वॉचमन तो निरोप जसाच्या तसा लिहून घ्यायचा आणि साहेबांची तातडीची फाइल असावी अशा गंभीर चेहऱ्यानं आणून द्यायचा.

तात्यांची दुसरी अट, तोंडी बदल चालणार नाही. कारखान्याच्या ड्रॉइंगवर खाली कोपऱ्यात एक तक्ता असतो, बदल काय, कारण काय, सही कुणाची. तसाच तक्ता मला संगीताच्या पानावर काढायला लावला. बाई दर आठवड्याला मन बदलायच्या, त्यामुळे तक्ता वाढत गेला. कारणांच्या रकान्यात "बोट पोचत नाही", "बाईंचा हट्ट", "तात्यांचा हट्ट", अशा नोंदी. आमच्या ऑफिसात त्या रकान्यात येणारं एकच कारण नामुष्कीचं होतं, "ट्रेसरची चूक". अडीच वर्षांत ते एकदाही आलं नाही, आणि मी ते सगळ्यांना ऐकवायचे.

खरं भांडण पेटलं ते शेवटावरून. बाईंनी शेवटी सतरा सूर असे लिहिले होते, की तारेवर बोट दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, आणि छेडल्याबरोबर उचलायचं. मग एक बारीक, लांब, काचेसारखा स्वच्छ सूर येतो. शेवटचा सूर एकटाच, सगळ्यांत वरचा.

तात्यांनी वाजवून बघितलं. मला छान ऐकू आला. तात्या म्हणाले, "हितं काय न्हाय वाजत."

"वाजलं की!" बाई म्हणाल्या.

"न्हाय. भुताचा सूर हाय ह्यो. काढून टाका."

तीन रविवार हेच. बाई कधी आवाज चढवत नसत, पण तिसऱ्या रविवारी उभ्या राहिल्या. "साळवे, तुम्ही वाजवता उत्तम, पण तुम्ही गर्विष्ठ आहात. जे तुम्हाला आवडत नाही ते अस्तित्वातच नाही, असं कसं?" तात्यांनी गिटार उचलली. परतताना मीही त्यांना रस्त्यात धरलं. "अहो तात्या, एवढा गोड वाजतो तो सूर, आणि तुम्ही काय अडून बसलाय!"

ते थांबले. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "तुला ऐकाय आला?"

"म्हणजे काय!"

"सगळे सतरा?"

"सगळे."

"मग झालं," म्हणाले आणि चालू लागले. पुढच्या रविवारी त्यांनी शेवट मान्य करून टाकला. मला वाटलं, मी समजूत घातली म्हणून. किती मूर्ख असावं माणसानं!

बाई त्या एप्रिलमध्ये निवृत्त होणार होत्या. त्याआधी शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी कार्यक्रम ठरला. पुण्याहून जाणकार मंडळी येणार होती. बाईंचं म्हणणं एकच होतं, एकदा, फक्त एकदा, आपण लिहिलेलं अख्खं कुणीतरी चार लोकांसमोर वाजवलेलं ऐकायचंय. हे त्या इतक्या साधेपणानं म्हणायच्या की ऐकणाऱ्याला लाज वाटायची.

कार्यक्रमाला तीन आठवडे होते. आम्ही बाईंच्या घरी पोचलो. बाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. तात्या बाहेर गिटार मांडीवर घेऊन पान वाचत बसले होते. फोन वाजायला लागला. बाईंचा फोन स्टुलावर असायचा, आणि स्टूल तात्यांच्या कोपराला टेकलेलं. फोन वाजतोय, वाजतोय. मागून बाई ओरडल्या, "साळवे, घ्या हो जरा फोन!" मी दारात आले. तात्या पान उलटत होते. शांत. फोन त्यांच्या कोपराशी किंचाळत होता आणि तात्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नव्हती.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुढं गेले, त्यांच्यासमोरून हात घालून फोन उचलला, तेव्हा ते दचकले. रिसीव्हर बघितला, मग मला बघितलं.

"फोन वाजत हुता व्हय?"

पलीकडून कुणी बोलत होतं. मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. खरं कुणाचा होता, देव जाणे.

"कधीपासून?" माझा आवाजच फुटेना. पण त्यांना आवाजाची गरज कुठं होती! ते ओठ वाचत होते.

"बारीक सूर जाऊन धा वरसं झाली. जाड सूर हाडातनं येत्यात. बॉयलर शॉपात उमेदीची वरसं गेली नंदे, हातोड्याखाली. तवा कानात बोळं घालायची अक्कल कुनाला हुती?"

म्हणजे जबड्याला लावलेली स्क्रू ड्रायव्हरची मूठ. हनुवटी लाकडावर दाबलेली. मला नेहमी समोरच बसवायचे, "हितं बस, उजेड हाय," म्हणून. शॉपमधल्या पोरांनी पाठीमागून हाक मारली तर उत्तर कधीच नाही, त्याला आम्ही रुबाब म्हणायचो. भुताचा सूर. सगळं एकदम माझ्यावर कोसळलं. आधी रडू आलं आणि मग संताप. "सांगितलं का नाहीत? बाईंनी तुम्हाला गर्विष्ठ म्हटलं, मीही बोलले, ऐकून घेतलंत!"

"गर्विष्ठ परवडतं," तात्या म्हणाले. "कारखान्याला कळलं तर मला स्टोअरमधी बसवत्याल, नट निवडाय. अन् बाईंना कळलं तर त्या शेवट काढून टाकत्याल. माझी कीव येऊन. पंचवीस वरसं ट्रंकेत हुतं त्यांचं. त्ये पुरं वाजलं पायजे."

"पण ऐकू येत नाही तर वाजवणार कसे?"

"तू हायस की. फुडं बस. सूर लागला की मान हलव. न्हाय लागला तर हलवू नगंस, मी परत वाजवीन. अन् तोंड सरळ ठेव, रडकी." तेवढ्यात बाई कपड्यांची बादली घेऊन आत आल्या, "कुणाचा होता फोन?" तात्या म्हणाले, "राँग नंबर." माझ्या ओठांवरचं त्यांनी बरोबर वाचलं होतं.

तीन आठवडे आम्ही जेवणाच्या सुट्टीत सराव केला. ड्रॉइंगच्या प्रती काढायच्या मशीनच्या खोलीत अमोनियाच्या वासानं कुणी फिरकायचं नाही, तिथं. ते सूर लावायचे, मी मान हलवायचे. बोट केसभर सरकलं तरी सूर मरायचा, मग मी दगडासारखी बसायचे आणि ते परत लावायचे. शेवटी शेवटी सतरापैकी दोनच चुकायचे.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. शाळेच्या मुली, पालक, पुण्याचे चार-पाच जण, लासुर्ण्याहून काकू आणि तिथल्या बुद्धविहारातली मंडळी टेम्पो करून आलेली. मी पहिल्या रांगेत मधोमध, शेजारी बाई. तात्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. रबरी टोप्या काढून खिशात ठेवल्या, ठोकळ्यावर पाय, लाकडावर हनुवटी.

काय वाजवलं त्या माणसानं! अडीच वर्षं तुकड्यातुकड्यांनी ऐकलेलं ते, एका दमात ऐकताना मला ओळखूच येईना. मग शेवट आला. तात्यांनी मान वर केली आणि नजर माझ्यावर लावली. पहिला सूर. मान हलवली. दुसरा. तिसरा. सहावा मेला, मी थांबले, त्यांनी परत लावला. कुणाला काही कळलं नाही. अकरा. बारा. पदरानं घाम पुसला मी. सोळा.

मग सतरावा, एकट्यानं वाजायचा. तो लागला. असा लागला की हॉलच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. आणि त्याच क्षणी माझं लक्ष शेजारी गेलं. बाईंच्या मांडीवर काही नव्हतं, पण त्यांची डाव्या हाताची बोटं हवेत, त्या मुक्या पट्टीवर असावीत तशी टेकलेली होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी बघतच राहिले.

सूर परत वाजला.

मी दचकून समोर बघितलं. तात्या माझ्याकडे बघत होते. माझी मान हलली नव्हती! हलव, नंदे, हलव, असं मी स्वतःला म्हणत होते आणि मान आखडली होती. तिसऱ्यांदा वाजला, आणखी हलका. बोट चुकतंय असं समजून ते दर वेळी जास्त जपून टेकवत होते. चौथ्यांदा. हॉलमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. मी सगळा जीव गोळा केला, आणि पाचव्याला माझी मान हलली. तात्यांनी हात खाली घेतला.

टाळ्या थांबेनात. बाई धावत व्यासपीठावर गेल्या. "साळवे! पाच वेळा! मला कसं सुचलं नाही हो हे!" पुण्याचे एक गृहस्थ विचारत होते, शेवटची कल्पना कुणाची. बाई म्हणाल्या, "त्यांची. सर्वस्वी त्यांची." तात्या गर्दीवरून मला शोधत होते. मी तोंड लपवून हॉलबाहेर पळाले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी ते ड्रॉइंग ऑफिसात आले. ट्रेसिंग माझ्यासमोर पसरलं. "बाई म्हनत्यात, शेवट पाच येळा. तक्त्यात घाल." मग माझ्यासमोर वाकून हळूच विचारलं, "पयल्याला लागला न्हवता न्हवं?"

खोटं बोलता आलं असतं. "लागला होता तात्या. पहिल्यालाच. पाचही वेळा लागला."

"मग मान?"

"विसरले. बाई रडत होत्या, मी त्यांच्याकडे बघत बसले."

तात्या सरळ झाले. मला वाटलं, आता संपलं. एवढा एक भरवसा टाकला होता माणसानं माझ्यावर. मी खाली मान घालून पाच सूर काढले, बदल लिहिला. कारणाचा रकाना कोरा ठेवला. तात्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आपल्या चौकोनी अक्षरात तिथं लिहिलं, "ट्रेसरची चूक". खाली सही ठोकली, बी. साळवे. आणि खो खो हसायला लागले. सगळं ऑफिस बघायला लागलं. मी हसत होते की रडत होते, माझं मला कळेना. बाईंना ते कारण कधीच कळलं नाही. कारखान्यातला काहीतरी विनोद असेल, असं त्या शेवटपर्यंत धरून चालल्या.

हसू ओसरल्यावर तात्या टेबलाशी तसेच उभे राहिले. नखानं ट्रेसिंगवरचा शेवटचा ठिपका चाचपत म्हणाले, "पर नंदे, वाजला कसा गं?"

मी तोंड उघडलं. काय सांगू? गोड म्हणू? लांब म्हणू? ज्यानं वाजवला त्यालाच! माझे ओठ हलण्याची ते वाट बघत होते, आणि ओठ हलत नव्हते.

जेवणाचा भोंगा झाला. तो त्यांना पायाखालच्या फरशीतून कळायचा. "ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि निघाले. त्यानंतर तात्या पुष्कळदा दिसले, पण मला आठवतात ते तिथलेच. लांबलचक ऑफिस, दोन्ही बाजूंना ड्रॉइंग बोर्डांच्या रांगा, आणि पार टोकाच्या दारात तात्या वळून उभे. बोटांना रबरी टोप्या चढवत माझ्याकडे बघत होते, व्यासपीठावरून बघत होते तसेच.

या वेळी मी विसरले नाही. मी मान हलवली.